बारा बोअर, बाराशे मतं

शिकाऱ्याला वाघाबद्दल विचारलं तर गोष्ट दहा मिनिटांत आटोपते. त्याच्या बंदुकीबद्दल विचारलं तर रात्रीच्या जेवणाला थांबावं लागतं. नळी कुठली, काडतूस कितीचं, दुर्बीण कुणाची, धनुष्य किती पौंडांचं, या एकेका प्रश्नावरून माणसं आयुष्यभर भांडली आहेत. काहींनी तर पुस्तकंच्या पुस्तकं लिहून भांडणं केली, आणि ती गेल्यावर त्यांचे चेले अजून भांडताहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा कारभार बंद केला आणि तो बंद झाला हे उत्तमच झालं. पण या भांडणांमधली गंमत काही कायद्यात बसत नाही. ती वाचता वाचता एक गोष्ट हमखास ध्यानात येते. शिकाऱ्याचं मत म्हणजे त्याच्या रानाचं मत. ज्या झाडोऱ्यात, ज्या उजेडात, ज्या जनावरामागं तो फिरला, त्यापलीकडं जग आहे हे त्याला पटतच नाही.

काडतूस एक, मुलूख दोन

सुरुवात आपल्या जिम कॉर्बेटपासून. १९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. ४३६ बळी तिच्या नावावर होते. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची पॉइंट २७५ रायफल भेट दिली, दस्त्यावर चांदीची पट्टी जडवून. हलकी, सुबक, डोंगर चढायला सोयीची. ही रायफल आज पुन्हा रिग्बीकडेच आहे, आणि २०१६ मध्ये ती भारतात येऊन कुमाऊंचं दर्शनही घेऊन गेली.

आता मजा अशी की या पॉइंट २७५ चं काडतूस मुळात जर्मन. माउझरचं ७×५७ मिलिमीटर. इंग्रजांनी त्याला इंग्रजी कपडे घातले एवढंच. आणि कॉर्बेट कुमाऊंच्या दऱ्यांत हे काडतूस वापरत होते त्याच काळात तिकडं आफ्रिकेत वॉल्टर बेल नावाचा स्कॉटिश माणूस याच काडतुसानं हत्ती पाडत होता. एकदोन नव्हे. त्यानं आयुष्यात हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक या बोटभर गोळीनं. बाकीचे शिकारी खांद्यावर तोफा घेऊन फिरत असताना बेल म्हणायचा की गोळी मेंदूत गेली तर लहान पुरते, नाही गेली तर मोठीही पुरत नाही. यासाठी त्यानं हत्तीची कवटी उभी चिरून मेंदू नेमका कुठं बसतो याचा अभ्यास केला होता.

म्हणजे बेल बरोबर? त्याच्या रानात, हो. त्याला मिळालेले हत्ती बंदुकीचा आवाज फारसा न ऐकलेले, आणि मुलूख बराचसा मोकळा. त्याला थांबून, निवांत नेम धरता यायचा. हाच उपदेश ऐकून जे लोक दाट झुडपात चवताळलेल्या हत्तीसमोर हलकी रायफल घेऊन गेले, त्यांच्यातल्या अनेकांना मत बदलायला उसंत मिळाली नाही.

खुद्द कॉर्बेटही एका बंदुकीवर भाळलेले नव्हते. जाड कामाला त्यांच्याकडे पॉइंट ४५०/४०० ची दोननळी होती. लहानपणीची पहिली बंदूक तर ठासणीची, दोन नळ्यांची. तिची एक नळी जादा दारूनं फाटलेली आणि दस्ता पितळेच्या तारेनं नळ्यांना बांधलेला. चंपावतला शेवटचा बार त्यांनी स्वतःच्या रायफलीनं काढलाच नाही. जवळची तीन काडतुसं संपली, म्हणून धावत जाऊन तहसीलदारांच्या हातची बंदूक घेतली. वाघिणीजवळ पोचल्यावर दिसलं की नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात चांगली फट आहे. बार डोळ्यांत उडायचा धोका. तरी ओढला. नेम धरला होता उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला, आणि तेही वीस फुटांच्या आतून. आधीच्या जखमांनी वाघीण संपत आली होती म्हणून भागलं.

त्याहून भारी प्रसंग चौगढच्या वाघिणीचा, ११ एप्रिल १९३०. नाल्यातून जाताना कॉर्बेटना रातव्याची दोन अंडी दिसली. त्यांना अंडी जमवायचा नाद होता, ती त्यांनी डाव्या हातात घेतली. एका मोठ्या खडकाला वळसा घातला आणि उजव्या खांद्यावरून मागं पाहिलं, तर आठ फुटांवर वाघीण बसलेली. रायफल उजव्या हातात, छातीशी आडवी, तोंड भलतीकडं. अंडी टाकता येईनात, दुसरा हात लावता येईना. मग एकाच हातानं रायफल इंचाइंचानं पाऊण वर्तुळ फिरवली आणि चाप ओढला. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलंय की हात मोकळा असता तर आपण झटक्यात वळलो असतो आणि वाघिणीनं झेप टाकली असती. अंड्यांनी जीव वाचवला. ती त्यांनी मग परत जागेवर नेऊन ठेवली.

साधनांच्या जाहिरातींत अंड्यांचा उल्लेख कधी येत नाही.

खांदा कुणाचा मोडतो?

बारा बोअर म्हणजे बारा काय? पुष्कळ परवानाधारकांनाही हे सांगता येत नाही. हिशोब जुना आणि सोपा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा लहान तेवढी नळी रुंद. सोळा बोअर बारापेक्षा बारीक. चार बोअर म्हणजे पाव पौंडाची गोळी. (पॉइंट ४१० ही या घरातली सावत्र, ती सरळ इंचात मोजतात.) आपल्याकडच्या दुकानांत बारा बोअरची जी ‘शक्तिमान’ काडतुसं मिळतात, ती पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातली. हा कारखाना १८६९ सालचा.

आता एकोणिसाव्या शतकातल्या सॅम्युएल बेकरची कथा. नाईलचा उगम शोधत फिरणारा हा आडदांड इंग्रज. त्याच्याकडं एक बंदूक होती, वीस पौंडांची, आणि ती अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकायची. तिचं लाडाचं नाव काय, तर ‘बेबी’. बरोबरचे अरब तिला तोफेचं पोर म्हणायचे. ती उडवली की बेकर स्वतः गर्रकन फिरायचा, असं त्यानंच कबूल केलंय. उडवायला तो फार क्वचित धजायचा. तरी ती सोबत वागवायचाच! हौसेला मोल नसतं, वजनही नसतं.

फ्रेडरिक सेलूसचं प्रकरण जास्त गंभीर. १८७० च्या दशकात तो आफ्रिकेच्या दक्षिण भागात चार बोअरच्या ठासणीच्या बंदुकींनी हत्ती मारत होता. एकदा चाप ओढला तर टोपी फुटली, बार उडालाच नाही. बंदूक मागं दिली. बरोबरच्या माणसाला वाटलं ती रिकामी आहे, त्यानं तीत दारूचा नि गोळीचा दुसरा थर ठासला. पुढच्या वेळी दोन्ही बार एकदम उडाले. सेलूस मागं फेकला गेला, बंदूक हातातून सुटून भलतीकडं पडली, गालावर जखम. पुढं त्यानं लिहिलंय की त्या बंदुका कधी हाती धरल्या नसत्या तर बरं झालं असतं, कारण त्यांच्या धक्क्यानं मज्जातंतू असे हलले की पुढं हलक्या रायफलीनंही नेम बिघडायला लागला.

हे आजही खरं आहे. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो, आणि मग ‘रायफल बरोबर नाही’ म्हणून दुकानात येतो. नाचता येईना अंगण वाकडं, हे नेमबाजीच्या मैदानावर जितकं दिसतं तितकं अंगणातही दिसत नसेल.

सरकार घाबरलं, काडतुसं जन्मली

हा माझ्या सगळ्यात आवडीचा तुकडा. इंग्रज शिकाऱ्यांचं हिंदुस्थानातलं लाडकं माप होतं पॉइंट ४५०. पण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचं मापही तेच. त्या रायफली बंडखोरांच्या हाती पडतात, त्यांना शिकारीच्या काडतुसातली गोळी मिळाली तर? या भीतीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये पॉइंट ४५० वर बंदी घातली. लंडनच्या बंदूकवाल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इथलेच राजेरजवाडे आणि साहेब. धंदा बुडायची वेळ. मग त्यांनी काय केलं? माप केसभर इकडंतिकडं सरकवलं. पॉइंट ४६५, पॉइंट ४७०, पॉइंट ४७५ अशी नवी काडतुसं धडाधड बाजारात आली. आज आफ्रिकेत हत्ती-रेड्यांसमोर उभा राहणारा व्यावसायिक शिकारी पॉइंट ४७० ला देवासारखं मानतो आणि तिच्या गुणांवर व्याख्यान देतो. तिचा जन्म मात्र आपल्या इथल्या एका सरकारी फतव्यातून झाला, जनावराचा त्यात काही संबंध नव्हता.

आपली पॉइंट ३१५ ही त्याच वळणाची. फौजेची पॉइंट ३०३ सामान्य माणसाला मिळत नसे, म्हणून बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यात परवानाधारकांसाठी हे वेगळं माप.

याच बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात, १८९० च्या दशकात टोक मऊ ठेवलेली गोळी तयार झाली. अंगात शिरली की फुलते. जगभर बोंब झाली आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेनं युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. शिकारीचा नियम मात्र बरोबर उलटा. इंग्लंडमध्ये हरणावर झाडायची गोळी फुलणारीच हवी, असं तिथला कायदा सांगतो. कारण न फुलणारी गोळी आरपार जाते आणि जनावर तडफडत मैलभर पळतं. माणसासाठी क्रूर ते हरणासाठी दयेचं. हत्तीला आणखी वेगळा न्याय: तिथं फुलणारी गोळी हाडापर्यंत पोचतच नाही, म्हणून ठोस हवी.

याच मातीतला आणखी एक माणूस जॉर्ज फॉस्बरी. हा सरहद्दीवर लढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हिंदुस्थानी फौजेतला अधिकारी. त्यानं १८८५ मध्ये बंदुकीच्या गुळगुळीत नळीच्या शेवटच्या दोनतीन इंचांतच आटे पाडायची युक्ती काढली. छरे घातले तर तितर, गोळी घातली तर वाघ. हॉलंड अँड हॉलंडनं तिला ‘पॅराडॉक्स’ नावानं विकलं आणि इथल्या साहेबांनी ती उचलून धरली, कारण इथल्या रानात पुढच्या झुडपातून काय निघेल याचा नेम नसायचा.

प्रोफेसर विरुद्ध काऊबॉय

अमेरिकेतलं गाजलेलं भांडण जॅक ओकॉनर आणि एल्मर कीथ यांचं. ओकॉनर ॲरिझोनाच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारा प्राध्यापक, पुढं ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा बंदूक-संपादक. त्याचं दैवत पॉइंट २७० विंचेस्टर, १९२५ साली आलेलं हलकं, वेगवान काडतूस. कीथ आयडाहोचा, मोठी टोपी घालणारा, जाड गोळीचा भक्त. पॉइंट ४४ मॅग्नम हे पिस्तुलाचं दांडगं काडतूस १९५५ मध्ये बाजारात आलं ते मुख्यतः त्याच्या हट्टानं. पॉइंट २७० म्हणजे कोल्ह्या-कुत्र्यापुरती बरी, असा टोमणा त्याच्या नावावर सांगतात. उलट सहाशे यार्डांवरच्या जखमी हरणाला आपण पिस्तुलानं लोळवलं असं तो सांगायचा. यावर निम्मी अमेरिका हसली आणि निम्मी अजून शपथा घेते.

आता दोघांची रानं बघा. ओकॉनर मेक्सिकोतल्या सोनोराच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर रानमेंढ्यांमागं फिरलेला. तिथं दिवसभर चढायचं आणि दरीपल्याडच्या मेंढ्यावर एकच बार टाकायचा. हलकी, सपाट जाणारी रायफल हवीच. कीथ दाट पाइनच्या जंगलात वाटाड्या म्हणून काम केलेला. शहरी पाहुणे एल्क हरणाला पाठमोरा जखमी करायचे आणि तो शोधत रात्र काढायची कीथनं. त्याला हाडं फोडून जाणारी गोळी हवी वाटणार नाही तर काय? दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबर, आणि दोघांनीही ते मरेपर्यंत मानलं नाही. (मासिकांचा खप त्यामुळं उत्तम राहिला.) माझं मत विचाराल तर झुकतं माप ओकॉनरला. तो लिहायचा चांगलं.

भांडण कायमचं मिटावं म्हणून आफ्रिकेत चोरून हत्ती मारणाऱ्या जॉन टेलरनं एक सूत्र काढलं. १९४८ च्या त्याच्या पुस्तकात ते आहे. गोळीचं वजन, वेग आणि जाडी यांचा गुणाकार करायचा, सात हजारांनी भागायचं, येईल तो तिचा दणका. पॉइंट ४७० ला साधारण ७३ येतात. गंमत म्हणून मी या सूत्रात क्रिकेटचा चेंडू घातला. १६० ग्रॅम वजन, सव्वासात सेंटिमीटर जाडी, ताशी १४० किलोमीटर वेग. उत्तर येतं सव्वाशेच्या पुढं! म्हणजे टेलरच्या हिशोबानं बुमराहचा चेंडू हत्तीच्या रायफलीला भारी. टेलरला बिचाऱ्याला ते सूत्र फक्त हत्तीच्या डोक्यावरच्या ठोस गोळ्यांची तुलना करायला हवं होतं, पण लोक ते कशालाही लावतात.

थिओडोर रूझवेल्टचं घोडं तिसरंच. १९०९ च्या आफ्रिका सफरीत त्याच्याजवळ इंग्रज चाहत्यांनी दिलेली हॉलंडची दोननळी होती, पण सिंहासाठी जालीम औषध म्हणून त्यानं पॉइंट ४०५ विंचेस्टरचं कौतुक केलं. पुढं बंगळूरच्या केनेथ अँडरसननं दक्षिणेतले नरभक्षक मारले ते याच रायफलीनं. रूझवेल्टची दृष्टी अधू, जवळ कायम चष्म्यांच्या जादा जोड्या. १४ ऑक्टोबर १९१२ ला मिलवॉकीत एकानं त्याच्यावर गोळी झाडली. ती खिशातल्या पोलादी चष्माघरातून आणि घडी घातलेल्या पन्नास पानी भाषणातून जाऊन छातीत अडकली. मग त्यानं तेच भोकाचं भाषण दीड तास केलं. चष्म्यानं याहून जास्त कुणाचं काय भलं केलं असेल?

काचेचा कारभार

दुर्बिणीतल्या नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा एकेकाळी कशाच्या असायच्या? कोळ्याच्या जाळ्याच्या. तार जाड पडायची, केस वातड. कोळ्याचा धागा बारीक, मजबूत आणि हवा बदलली तरी फारसा न सैलावणारा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ब्लॅक विडो जातीचे विषारी कोळी पाळून त्यांचा धागा उपकरणांसाठी काढला जात होता.

ऑरेगॉनमध्ये मार्कस ल्युपोल्ड नावाच्या गृहस्थांचं हरीण हुकलं. रायफलीवरच्या दुर्बिणीत ऐनवेळी धुकं धरलं होतं. ऑरेगॉन म्हणजे पाऊसच पाऊस. घराण्याचा धंदा मोजणीची उपकरणं बनवायचा, त्यामुळं ते चिडून गप्प बसले नाहीत. आतली हवा काढून नायट्रोजन भरलेली दुर्बीण त्यांच्या कंपनीनं १९४७ मध्ये बाजारात आणली. वाळवंटातल्या कुणाला हे सुचलं नसतं.

जर्मन शिकारी ८×५६ अशी घागरीसारखी दुर्बीण का वापरतो यावर अमेरिकन हसतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. ५६ भागिले ८, सात. तरण्या डोळ्याची बाहुली अंधारात साधारण सात मिलिमीटरच उघडते, म्हणजे थेंबभर उजेड वाया नाही. जर्मनीत मचाणावर बसून चांदण्यात रानडुक्कर मारायची रीत आहे; अमेरिकेत बहुतेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात दुकान बंद. ज्याची रात्र मोठी त्याची काच मोठी. फक्त एक मेख आहे. वय वाढलं की बाहुली पाचच्या आसपासच उघडते. म्हणजे ही महागडी दुर्बीण परवडेपर्यंत माणूस तिचा पूर्ण उजेड घ्यायच्या लायकीचा उरत नाही.

आणि नवशिका ओळखायची खूण? भुवईच्या वर चंद्रकोरीसारखा व्रण. डोळा काचेला फार जवळ नेला की बार उडताना दुर्बिणीची कड कपाळावर शिक्का मारते.

धनुष्याला घाम येतो

१९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात रानातून एक एकटा माणूस आला. ‘याही’ नावाच्या जमातीतला शेवटचा. लोक त्याला इशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहायचा, आणि शेजारच्या इस्पितळातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्यबाण शिकले. जुनिपरच्या लाकडाचं धनुष्य, पाठीला स्नायूंचे तंतू चिकटवलेले. इशीची मतं ऐकण्यासारखी आहेत. धनुष्य उभं ठेवायचं नाही. उभं धनुष्य काम करतच राहतं, त्याला घाम येतो आणि ते दमतं. ते आडवं निजवायचं. त्याला ओलांडून जायचं नाही, पोरांना हात लावू द्यायचा नाही. शिकारीच्या आदल्या दिवसापासून मासे नाहीत, तंबाखू नाही. सकाळी ओढ्यात अंघोळ, अंगाला वासाचा पाला. आज वास मारायचे फवारे, साबण आणि डबे यांचा मोठा बाजार आहे. इशीचं काम फुकटात होत होतं.

लांबच्या निशाणावर इशी पोपच्या मानानं डावा पडायचा. त्याला पर्वाच नव्हती. त्याची सगळी विद्या हरणाच्या दहावीस पावलांवर पोचण्यात खर्च झालेली. तो १९१६ मध्ये क्षयानं गेला. पोपचं पुस्तक १९२३ मध्ये आलं आणि अमेरिकेत धनुष्याची शिकार पुन्हा रुजली.

मग आला मिझुरीचा हॉलिस ॲलन. त्यानं साध्या धनुष्याची टोकं करवतीनं कापली आणि तिथं कप्प्या बसवल्या, त्याही मध्यभागी भोक नसलेल्या, वाकड्या. १९६६ मध्ये अर्ज, १९६९ मध्ये पेटंट. याचा फायदा असा: सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण दोरी शेवटपर्यंत ओढली की कप्पी फिरते आणि भार एकदम उतरतो. आजच्या धनुष्यांत हा उतार ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. सत्तर पौंडांचं धनुष्य ताणून धरताना बोटांवर फक्त चौदा पौंड. हरीण झाडाआडून बाहेर यायची वाट बघत तुम्ही हात न थरथरता उभे राहू शकता. जुन्या मताच्या धनुर्धरांनी नाकं मुरडली. चाकं लावलेलं धनुष्य कसलं, ही तर गाडी!

ही मिझुरीची गाडी साताऱ्याला पोचली हे मात्र कुणालाच अपेक्षित नसेल. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड, म्हणजे याच कप्प्यांच्या, धनुष्याची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं महाराष्ट्रानं आणली. साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंतांच्या हाताखाली तयार झालेले. ओजसनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० घेतले. पन्नास मीटरवरून पंधरा बाण, सगळे आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात. समोरच्या पोलिश खेळाडूनं १४९ घेतले आणि हरला बिचारा.

शिकारीत मात्र एवढा नेम असूनही बाण हुकतो, आणि त्याचं कारण पदार्थविज्ञानाचं आहे. वेगवान बाणही सेकंदाला नव्वद मीटरच जातो. आवाज ३४० मीटर. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार ऐकू येतो एक दशांश सेकंदाच्या आत, बाण पोचतो एक तृतीयांश सेकंदानं. मधल्या पाव सेकंदात बिचकलेलं हरीण पळायला म्हणून पाय दुमडतं, अंग खाली जातं, आणि बाण पाठीवरून निघून जातो. उपाय म्हणून दोरीला रबराचे झुपके बांधतात. जुने लोक बीव्हरच्या कातडीच्या पट्ट्या गुंडाळायचे. अजूनही गुंडाळतात.

नारिंगी कोट आणि निळी जीन

अमेरिकेत शिकारीच्या मोसमात भडक नारिंगी जाकीट घालायची बहुतेक राज्यांत सक्ती आहे, दुसऱ्या शिकाऱ्यानं आपल्यालाच हरीण समजू नये म्हणून. मग हरीण पळत नाही? नाही. हरणाच्या डोळ्यात रंगांच्या दोनच जातीच्या पेशी. नारिंगी त्याला पाल्यासारखाच दिसतो. उलट निळा झगमगतो. म्हणजे हजारो रुपयांचे पानाफुलांचे कपडे घेऊन खाली निळी जीन घालणाऱ्यानं पैसे पाण्यात घातले. कपडे ‘पांढरेशुभ्र’ करणारी साबणाची पावडरही वाईट. तिच्यातलं चमकद्रव्य हरणाला दिसतं. आणि हो, आपला वाघ नारिंगी का, याचं उत्तरही इथंच. चितळाच्या लेखी तो हिरवाच असतो.

आवाज झाकायचा बांध

कॉर्बेटनी उतारवयात रायफल बाजूला ठेवून चलचित्राचा कॅमेरा घेतला. अडचण तीच, धनुष्यवाल्यांची: वाघ यंत्राची घरघर ऐकून निघून जायचे. त्यांनी ओढ्याकाठी जागा निवडली, लहान लहान बांध घातले, पाणी खळखळतं केलं, आणि त्या आवाजाखाली कॅमेऱ्याचा आवाज झाकून वाघांचं चित्रण केलं.

आपल्याला ताडोबात नाहीतर नागझिऱ्यात जायचं असेल, तर या सगळ्या पसाऱ्यातली एकच वस्तू लागते, दुर्बीण. ती घेताना २० पट, ३० पट असले आकडे बघून भुलू नका. हलत्या जिप्सीत दहाच्या पुढं चित्र नाचतं. ८×४२ घ्या. दुकानात ती हातभर लांब धरून मागच्या भिंगातला उजेडाचा ठिपका बघा. तो स्वच्छ गोल असला तर आतले लोलक चांगले. कडा करड्या आणि ठिपका चौकटीसारखा दिसला तर कितीही सूट मिळाली तरी परत द्या. आणि घरून निघताना निळा सदरा कपाटातच राहू द्या.